ग्रामपंचायतीत घराची नोंद सापडत नाही, घरपट्टीचा आकडा जुळत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवताना एकाच प्रकारच्या अडचणी पुन्हा पुन्हा समोर येतात. मे महिन्यात आणि दिवाळीत मुंबई-पुण्याची माणसं गावी आली की तर रांगच लागते. सगळ्यांचं म्हणणं थोड्याफार फरकाने असं असतं:

– मोबाईलवर गाव निवडलं, नाव टाकलं, तर 'माहिती उपलब्ध नाही' येतं.
– उतारा मिळतो, पण त्यावर आजोबांचं किंवा चुलत्यांचं नाव आहे.
– बँकेने किंवा घरकुलाच्या कामासाठी 'आठचा उतारा' मागितला, तो नेला, तर 'हा नव्हे' म्हणून परत केला.
– घरपट्टी मागच्या वर्षीपेक्षा एकदम कितीतरी पट आली.
– पावती हातात आहे, तरी थकबाकी दिसते. वर लोकअदालतीची नोटीसही आली.
– घरात नळ नाही, तरी पाणीपट्टी लागली.
– स्लॅबचं घर बांधून वर्षं झाली, उताऱ्यावर अजून 'पड जागा' किंवा 'मातीचे घर' लिहिलेलं आहे.

यातलं बहुतेक सगळं खालच्या क्रमाने तपासलं तर सुटतं. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसा लागत नाही, शेवटच्यांना लागतो. म्हणून मधली पायरी गाळून थेट वकिलाकडे जाऊ नका आणि ग्रामपंचायतीत जाऊन भांडूही नका. नोंद हरवलेली असते असं फार क्वचित घडतं. ती दुसऱ्या नावाखाली, दुसऱ्या क्रमांकाखाली किंवा दुसऱ्या दप्तरात असते.

पहिली गोष्ट: कोणता कागद हवा आहे?

निम्म्या फेऱ्या इथेच वाया जातात. तलाठ्याकडे मिळतो तो 'आठ अ', म्हणजे खातेउतारा. एका खातेदाराच्या नावावर त्या गावात किती शेतजमीन आहे आणि तिचा सारा किती, हे त्यात असतं. घराशी त्याचा संबंध नाही. घराचा उतारा म्हणजे ग्रामपंचायतीचा 'नमुना ८', कर आकारणी नोंदवहीतला. दोन्हींत आठ आकडा आहे, त्यामुळे बँकेतला माणूस 'आठचा उतारा आणा' म्हणाला की निम्मे लोक महाभूमी या जमिनीच्या सरकारी संकेतस्थळावरून आठ अ काढून नेतात. मागणाऱ्याला सरळ विचारा, 'शेताचा की घराचा?' एवढ्या एका प्रश्नाने एक दिवस वाचतो.

पदांची नावंही बदलली आहेत. २०२४ पासून ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी यांचं एकच पद झालं, ग्रामपंचायत अधिकारी. तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. फलकावर नवं नाव, लोकांच्या तोंडी जुनं. अर्ज लिहिताना नवं पदनाम लिहा.

ग्रामपंचायतीच्या हिशोबाचे १ ते ३३ नमुने आहेत. घरमालकाला त्यातले चारच ओळखता आले तरी पुरतं. नमुना ८ मध्ये घराचं वर्णन आणि त्यावर बसवलेला कर असतो. नमुना ९ ही कर मागणी नोंदवही: मागची बाकी किती, चालू मागणी किती, भरले किती. नमुना ९ क म्हणजे तुमच्या हातात येणारं बिल. नमुना १० म्हणजे पट्टी भरल्याची पावती. तक्रार नावाची, क्षेत्रफळाची किंवा कराच्या दराची असेल तर ती ८ मध्ये शोधायची. तक्रार थकबाकीची असेल तर ९ मध्ये. थकबाकीच्या तक्रारीसाठी नमुना ८ काढून काही कळत नाही, कारण त्यात वसुलीची नोंदच नसते.

जुनी पावती शोधा

ही सगळ्यांत स्वस्त तपासणी, आणि सगळ्यांत जास्त उपयोगाची. कितीही जुनी चालेल. देवघरातल्या डब्यात, रेशनकार्डाच्या पिशवीत, फोटोच्या फ्रेममागे, कुठेतरी एखादी असतेच. त्यावर नावापेक्षा महत्त्वाचा असतो मालमत्ता क्रमांक. नाव लिहिताना चूक होते, माणूस वारतो, घर वाटून घेतलं जातं. क्रमांकावरून मात्र मागे मागे जाता येतं.

इथे एक सावधगिरी हवी. नमुना ८ मध्ये अनुक्रमांक वेगळा आणि मालमत्ता क्रमांक वेगळा असतो. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, तेव्हा नवी नोंदवही लिहितात आणि अनुक्रमांक हलतो. कधी कधी मालमत्ता क्रमांकही नव्याने देतात आणि जुना 'जुना नं.' म्हणून बाजूला लिहितात किंवा लिहायचा राहतो. म्हणून पावतीवरचा क्रमांक टाकल्यावर भलत्याच माणसाचं घर उघडलं तर घाबरू नका. तुमचं घर कुणी बळकावलेलं नाही, फक्त वही बदलली आहे. पावतीवरचं वर्ष बघा आणि त्या वर्षाची वही मागा.

पावती नसेलच तर शेजाऱ्याची बघा. जुन्या गावठाणात आकारणी करताना गल्लीने चालत जाऊन क्रमांक दिलेले असतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या मागचा-पुढचा क्रमांक बहुधा तुमचा निघतो. ही युक्ती वाड्या-वस्त्यांवर चालत नाही. तिथली घरं विखुरलेली असतात आणि नोंदी जसजशा आल्या तसतशा चढवलेल्या असतात.

मोबाईलवर शोधताना

'महा ई-ग्राम सिटिझन कनेक्ट' हे ॲप आहे. ज्या ग्रामपंचायतींनी आपली माहिती त्या प्रणालीत भरली आहे, त्यांचे कर तिथे दिसतात आणि भरताही येतात. तिथे नाव सापडलं नाही म्हणजे नोंद नाही, असं मात्र समजू नका. माहिती भरणाऱ्या मुलाने नोंदवहीतलं नाव जसं वाचता आलं तसं टाइप केलेलं असतं. पांडुरंग, पांडूरंग, पांडुरग; भाऊसाहेब, भाउसाहेब; आडनाव आधी किंवा शेवटी; बापाचं नाव गाळलेलं. पूर्ण नाव टाकू नका, फक्त आडनाव टाका आणि यादी डोळ्यांखालून घाला. मग वडिलांचं नाव, मग आजोबांचं. घर आईच्या नावावर असेल तर तिचं माहेरचं नावही बघा, कारण भावाने बहिणीला दिलेल्या जागेत ते तसंच राहिलेलं असतं. काही ठिकाणी पत्नीचं नाव पतीच्या बरोबरीने असेल. २००३ मध्ये 'घर दोघांचे' या शासनाच्या उपक्रमात तशा नोंदी घ्यायला सांगितलं होतं.

गाव तेच आहे ना?

महसुली गाव आणि ग्रामपंचायत यांच्या हद्दी एकसारख्या नसतात. दोन-तीन छोट्या गावांची मिळून एक गट ग्रामपंचायत असते आणि ॲपमध्ये तिचं नाव मोठ्या गावाच्या नावाने असतं. सातबारावर तुमच्या गावाचं नाव, घराच्या नोंदीला मात्र शेजारच्या गावची ग्रामपंचायत, असं सर्रास आहे. उलटही घडतं: गट ग्रामपंचायतीतून गाव वेगळं झालं आणि जुनं दप्तर अजून जुन्या कार्यालयाच्या कपाटात आहे.

शहरालगतच्या गावांची गोष्ट याहून अवघड. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं घेतली. नंतर त्यातल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांची वेगळी नगरपरिषद झाली. अशा गावात घर असेल तर आजचा कर एका कार्यालयात, समावेशाआधीचा नमुना ८ दुसऱ्या दप्तरात. घर कधी बांधलं, किती बांधलं, हे सिद्ध करायला तो जुना उतारा फार मोलाचा असतो. तो मिळेल तेव्हा काढून ठेवा, रंगीत प्रत काढा, मूळ जपून ठेवा.

आता ग्रामपंचायतीत

इथवर पैसा लागला नाही. आता थोडा लागेल. नमुना ८ चा उतारा ही लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित सेवा आहे. ती पाच दिवसांत द्यायची असते. शुल्क किरकोळ आहे आणि ते कार्यालयातल्या फलकावर लिहिलेलं असतं. अर्ज लेखी करा किंवा ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार सेवा केंद्रातून करा, आणि तारखेची पोच घ्या. तोंडी मागितलेल्या उताऱ्याला मुदत लागू होत नाही, म्हणून पोच नसेल तर पुढे अपील कशाच्या जोरावर करणार?

उतारा काढाल तेव्हा शक्य असेल तर मूळ नोंदवही डोळ्यांनी बघा. संगणकाच्या छापील उताऱ्यात शेवटचे रकाने पुष्कळदा रिकामे येतात आणि नेमकी हवी ती गोष्ट तिथेच असते. नमुना ८ ची वही उघडली की पान दोन्ही हातांत मावत नाही एवढं रुंद असतं. डावीकडे गल्ली, गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, मालमत्ता क्रमांक, मालकाचं नाव. त्याच्या शेजारी भोगवटा करणाऱ्याचं, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचं नाव, हे वेगळं असू शकतं. मग मालमत्तेचं वर्णन, बांधकामाचं वर्ष, क्षेत्रफळ, दर, घसारा (घर जुनं झालं म्हणून किमतीत होणारी घट), भारांक (वापरानुसार लावायचा गुणक), भांडवली मूल्य (कर बसवायला धरलेली किंमत). पुढे घरकर, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी आणि एकूण. अगदी उजवीकडे दोन रकाने: अपिलाचा निकाल व फेरफार, आणि शेरा. नाव बदललं असेल तर जुन्या नावावर रेघ, वर नवं नाव, आणि शेऱ्यात बारीक अक्षरात मासिक सभेची तारीख आणि ठराव क्रमांक. हा ठराव क्रमांक लिहून घ्या. नाव बदललेलं आहे पण शेऱ्यात काहीच नाही, अशी नोंद दिसली तर ती कच्ची समजा आणि त्या वर्षाचं सभेचं इतिवृत्त मागा. घराच्या वादात दोन्ही बाजू नमुना ८ नाचवत असतात, पण नाव कोणत्या कागदावरून चढलं हे विचारलं की एक बाजू गप्प होते.

एकदम वाढलेली घरपट्टी

यावर मी जास्त लिहितो, कारण इथे लोकांचा खरोखर पैसा जातो.

पूर्वी घरपट्टी घराच्या प्रकारावर आणि चौरस फुटावर बसायची. डिसेंबर २०१५ मध्ये कर व फी नियम बदलले आणि ती भांडवली मूल्यावर आली. सूत्र असं: जागेचं क्षेत्रफळ गुणिले जागेचा वार्षिक मूल्यदर, त्यात इमारतीचं क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा, एवढं मिळवायचं, आणि बेरजेला वापराच्या भारांकाने गुणायचं. आलेल्या मूल्याच्या दर हजार रुपयांना अमुक पैसे, असा कर. निवासी वापराला भारांक १, दुकानाला १.२५. दर वार्षिक मूल्यदर तक्त्यातून, म्हणजे आपण रेडीरेकनर म्हणतो त्यातून घेतात आणि तो नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतो.

समजा तुमची जागा ६० चौरस मीटर, दर ४०० रुपये. झाले २४,०००. त्यात ५० चौरस मीटरचं घर, बांधकाम दर १२,०००, घसारा ०.८५. झाले ५,१०,०००. बेरीज ५,३४,०००. हजारी एक रुपया दर असेल तर घरकर ५३४ रुपये. (आकडे समजायला घेतले आहेत, तुमच्या गावचे तुमच्या उताऱ्यावर बघा.) आता त्याच ६० आणि ५० मीटरच्या जागी कुणी ६४६ आणि ५३८ चौरस फूट लिहिले आणि दर मीटरचाच राहिला, तर कर ५,७०० च्या वर जातो. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. म्हणून पट्टी साधारण पावणेअकरा पट झाली असेल तर डोळे झाकून क्षेत्रफळाचं एकक तपासा. उताऱ्यावर फुटाचा आणि मीटरचा असे दोन्ही रकाने असतात. दोन्हींत सारखाच आकडा दिसला की चूक सापडली.

वाढ त्याहून कमी, पण तरी खटकणारी असेल तर पुढच्या तीन जागा बघा. पहिली बांधकामाचं वर्ष. ते कोरं राहिलं किंवा फेरआकारणीचंच वर्ष पडलं, तर चाळीस वर्षांच्या घराला नव्याचा हिशोब लागतो आणि घसाऱ्याची सवलत जाते. वर्ष सिद्ध करायला जुना नमुना ८, वीजजोडणीचं पहिलं बिल किंवा घरकुलाचा मंजुरी आदेश चालतो. दुसरी जागा वर्णनाची. विटा-मातीचं घर 'आरसीसी' म्हणून चढलं की बांधकामाचा दर आणि कराचा दर दोन्ही वाढतात. तिसरी भारांकाची. ओट्यावर कधीकाळी किराणा दुकान होतं, ते बंद होऊन जमाना झाला, पण अख्खं घर वाणिज्यिक म्हणून लागलेलं असतं. वापर अर्धा दुकान, अर्धा घर असेल तर तेवढ्याच भागाला दुकानाचा भारांक लावायला सांगा.

गोठा, परसबाग, मोकळी जागा घराच्या बांधकामात मोजली आहे का, हेही बघा. जुन्या वह्यांत माप खणांत दिलेलं असतं, 'पाच खणी घर' वगैरे. खणाचं चौरस फुटांत रूपांतर करताना कुणी काय धरलं याचा नेम नसतो. अशा वेळी हिशोबावर वाद घालू नका. टेप घेऊन घर मोजा, कागदावर कच्चा नकाशा काढा आणि तोच अर्जाला जोडा.

पाणीपट्टीचं लवकर सांगतो. सामान्य पाणीपट्टी आणि विशेष पाणीपट्टी वेगळ्या. विशेष ही घरात खासगी नळजोडणी असलेल्यालाच. नळ नसताना विशेष लागली असेल तर कमी करून मिळते. सामान्य लागली असेल तर ती सार्वजनिक पाण्याची, ती लागतेच.

घरात माजी सैनिक किंवा सैनिकाची विधवा पत्नी असेल तर एका घराच्या करातून माफीची राज्याची योजना २०२० पासून आहे. ही माफी आपोआप लागत नाही, अर्ज करावा लागतो. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्यांना आजच सांगा. कितीतरी वीरपत्नी अजून पूर्ण पट्टी भरतात.

पावती आहे, तरी थकबाकी

इथे नमुना १० आणि नमुना ९ समोरासमोर ठेवायचे. वसुलीला घरोघर फिरताना पावती जागेवर फाडली जाते आणि नमुना ९ मध्ये चढवली जाते नंतर, कार्यालयात बसून. तिथे क्रमांक चुकला की तुमचे पैसे भावकीतल्या दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतात. एकाच आडनावाच्या आळीत हे फार होतं. आधी बघा की तुमच्या पावतीच्या तारखेला, तेवढ्याच रकमेची जमा दुसऱ्या कुणाच्या नावापुढे आहे का. सापडली तर पावतीची छायाप्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज द्या. न भांडता होतं.

भावांनी घर वाटून घेतलं असेल तर दुसरं कारण शोधा. वाटणीनंतर नव्या दोन नोंदी झाल्या, पण मूळ एकत्र नोंद बंद केलीच नाही, आणि तिच्यावर दर वर्षी मागणी चढत राहते. तिची थकबाकी मग तुमच्या नावाने नोटीस होऊन येते. 'जुनी नोंद रद्द करून मागणी कमी करावी' असा स्पष्ट शब्दांत अर्ज करा.

थकबाकीवर पाच टक्के दंड लागतो. चालू पट्टी सप्टेंबरअखेर भरली तर पाच टक्के सूट मिळते, ती मागून घ्या. वाद चालू असला तरी वाद नसलेली रक्कम भरून टाका आणि पावती घ्या. थकबाकी नसल्याचा दाखला अडला की बाकीची सगळी कामं अडतात. ज्यांना निवडणूक लढवायची आहे त्यांनी तर हे मनावर घ्यावं: बिल रीतसर बजावल्यावर तीन महिन्यांत कर न भरणारा माणूस ग्रामपंचायत सदस्य होण्यास किंवा राहण्यास अपात्र ठरतो. लोकअदालतीची नोटीस आली तर फाडून टाकू नका. पावत्या घेऊन हजर राहा. चुकीची थकबाकी तिथल्या तिथे मांडता येते.

नाव बदलणं

खरेदीचं घर असेल तर नोंदणीकृत खरेदीखत, सूची दोन (त्या दस्ताचा नोंदणी कार्यालयातला गोषवारा) आणि अर्ज. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, हा कायदा आहे. पाचशेच्या मुद्रांकावर लिहून, सरपंचांसमोर सह्या करून घेतलेल्या घराला तो नियम चुकत नाही. अशा कागदावर ग्रामपंचायतीने नाव लावलं असलं, तरी पुढे बँक ते मानत नाही.

वारसाने नाव लावायचं असेल तर मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज. 'सगळ्या' हा शब्द मी जोर देऊन लिहितो आहे. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं गाळून अर्ज आणणारे पुष्कळ येतात. काहींना खरंच वाटतं की त्यांचा हक्क नसतो. हक्क असतो, आणि गाळलेलं नाव पुढे कोर्टात निघतं. बहीण स्वखुशीने हक्क सोडत असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. विधवा सुनेच्या बाबतीत तर विशेष काळजी घ्या. नवरा गेल्यावर घराच्या नोंदीवर सासऱ्यांच्या भावाचं नाव तसंच राहिलेलं असतं, ती बिचारी वर्षानुवर्षं पट्टी भरते आणि पावतीवर नाव दुसऱ्याचं. अशा काकू केंद्रात आल्या की मी प्रथम एवढंच सांगतो, 'काकू, पावतीवर "हस्ते" म्हणून तुमचं नाव लिहून घ्या आणि एकही पावती टाकू नका.' भोगवटा दाखवायला तोच पुरावा उपयोगी पडतो.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी पक्की लक्षात ठेवा: नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही. तो करवसुलीसाठीचा दस्तऐवज आहे. गायरानात किंवा सरकारी जागेत बांधलेल्या घरालाही पट्टी लागते, म्हणून ते घर नियमित होत नाही. गावठाणातल्या जागेसाठी अधिक भक्कम कागद म्हणजे भूमी अभिलेख विभागाची मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाली, गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन पत्रिका आणि सनदा देणं सुरू झालं. महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात त्याचा प्रयोग आधीच झाला होता. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात पत्रिका बघा आणि तिच्यावरचं क्षेत्र नमुना ८ शी ताडून बघा. फरक निघाला तर आत्ताच अर्ज करा, घर विकायला काढाल तेव्हा नको.

अर्जाला उत्तर नाही, किंवा नकार

उतारा मुदतीत मिळाला नाही तर लोकसेवा हक्क कायद्याखाली पहिलं आणि दुसरं अपील पंचायत समितीतच करता येतं. कारण नसताना सेवा अडवणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बहुतेक वेळा अपिलाचा अर्ज टाइप करून दाखवला तरी उतारा मिळतो.

जुनी नोंदवही किंवा ठरावाची प्रत हवी असेल तर माहितीचा अधिकार वापरा, दहा रुपये शुल्क, तीस दिवस. अर्जात 'माझ्या घराची सर्व माहिती द्या' असं लिहू नका. 'मालमत्ता क्रमांक अमुक, सन अमुक ते अमुक, नमुना ८ मधील नोंद शेरा रकान्यासह, आणि त्यावरील नावातील बदलाचा मासिक सभेचा ठराव' असं लिहा. मोघम अर्जाला मोघम उत्तर येतं.

कर आकारणीच चुकीची असेल आणि ग्रामपंचायत दुरुस्त करत नसेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खाली पंचायत समितीकडे अपील आहे, त्यावर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. बिल हातात आल्यावर वेळ दवडू नका. फेरआकारणीची यादी फलकावर लागते तेव्हा हरकती मागवतात, त्या वेळी हरकत दिली तर अपिलाची गरजच पडत नाही. गावी नसाल तर शेजाऱ्याला सांगून ठेवा, यादी लागली की फोटो पाठव म्हणावं.

इथे थांबा

खालच्या परिस्थितीत माझ्यासारख्याकडे किंवा ग्रामपंचायतीत फेऱ्या मारू नका.

एकाच घरावर दोघे हक्क सांगत आहेत, वारसांपैकी एकाचीही हरकत आहे, किंवा मृत्युपत्रावर वाद आहे: दिवाणी वकील. ग्रामपंचायतीला मालकी ठरवण्याचा अधिकारच नाही. तुमच्या बाजूने ठराव झाला तरी तो टिकत नाही, आणि त्या ठरावासाठी गावात वैर मात्र कायमचं होतं.

हद्दीचा वाद, शेजाऱ्याची भिंत आत आली: भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. टेपने मोजून भांडण मिटत नाही.

नोंदीत खाडाखोड दिसते, सही खोटी वाटते, ठराव क्रमांकाचा ठरावच इतिवृत्तात नाही: आधी प्रमाणित प्रती हातात घ्या, मग वकील. प्रती मिळण्याआधी कुणावरही आरोप करू नका, वहीवर काही लिहू नका, वही सोडवून घेण्याचा प्रयत्न तर मुळीच नको.

जप्तीची नोटीस आली असेल तर त्याच आठवड्यात सल्ला घ्या. पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकील मिळू शकतो; महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता.

घर विकत घेत असाल तर नमुना ८ बघून बयाणा देऊ नका. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवाल आणि ग्रामपंचायतीचा थकबाकी नसल्याचा दाखला वकिलाच्या नजरेखालून गेल्यावरच पैसे द्या. वकिलाकडे जाताना जुनी पावती, जुना आणि नवा असे दोन्ही नमुना ८, शेरा रकान्याचा फोटो आणि ठरावाची प्रत घेऊन जा. एवढं सोबत असलं तर तो पहिल्याच भेटीत तुम्हाला काय ते सांगू शकेल.